कर्णा वाजला, पण वाजवला कोणी?

हसवणाऱ्या माणसाने गंभीर काही काढलं की प्रेक्षकांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, याने आपलं नेहमीचंच करायला हवं होतं. दुसरा म्हणतो, हा माणूस इतकी वर्षं कुठे लपला होता? अमेरिकेत २०११ साली 'रेड स्टेट' नावाचा सिनेमा आला तेव्हा हे दोन्ही सूर एकदमच निघाले, आणि आजही तो पाहिलेली माणसं त्यावरून भांडतात. धर्मवेड हा त्याचा विषय. काढला कोणी? टवाळ पोरांच्या चावट गप्पांवर नाव कमावलेल्या केव्हिन स्मिथने.

मंडळी, पोस्ट लांब आहे. सिनेमाचा शेवटही सांगणार आहे, म्हणून ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या. मला सिनेमाइतकाच रस त्यावर प्रेक्षक काय बोलले यात आहे, आणि त्या बोलण्यामागे अमेरिकेचा जो तीसेक वर्षांचा इतिहास उभा आहे त्यात आहे. इतिहास बाजूला ठेवला तर हा सिनेमा अर्धाच कळतो.

आधी माणूस बघू. स्मिथ न्यू जर्सीचा, कॅथलिक घरातला. एका छोट्या किराणा दुकानात काउंटरवर नोकरी करायचा. त्याच दुकानात रात्री शूटिंग करून, क्रेडिट कार्डांवर कर्ज काढून, सत्तावीस-अठ्ठावीस हजार डॉलरमध्ये त्याने 'क्लर्क्स' केला. १९९४ साली तो गाजला आणि स्मिथ रातोरात दिग्दर्शक झाला. पुढे १९९९ मध्ये 'डॉग्मा' आला. देव, देवदूत, चर्च यांच्यावरची थट्टा. कॅथलिक संघटना चिडल्या, थिएटरबाहेर निदर्शनं झाली. तेव्हा हा पठ्ठ्या आपल्या गावाजवळच्या थिएटरबाहेर, स्वतःच्याच सिनेमाविरुद्ध फलक घेऊन निदर्शकांत जाऊन उभा राहिला! टीव्हीच्या बातमीदाराने नेमकं त्यालाच गाठलं, आणि याने गंभीर चेहऱ्याने मुलाखतही दिली. धर्माच्या नावाने चिडलेल्या माणसांकडे बघण्याची त्याची तऱ्हा अशी होती. बारा वर्षांनी हाच माणूस 'रेड स्टेट' करतो, तेव्हा चाहत्यांनी विनोदाची अपेक्षा ठेवली यात त्यांची चूक नाही.

नावाबद्दल एक शब्द. २००० सालच्या निवडणुकीपासून अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या राज्यांना 'लाल' म्हणायची रीत पडली. आपल्याकडे लाल म्हटलं की डावे आठवतात, तिथे उलट. म्हणजे नावातच खोड काढलेली आहे.

आता गोष्ट थोडक्यात. तीन हायस्कूलमधली पोरं इंटरनेटवर एका बाईच्या आमिषाला भुलून तिच्याकडे जातात. ती त्यांना गुंगीचं औषध पाजते. जाग येते तेव्हा ती एका चर्चमध्ये कैद असतात. तिथला पाद्री एबिन कूपर, त्याची लेकी-जावई-नातवंडं मिळून चर्चची मंडळी, आणि तळघरात बंदुकांचा साठा. समलिंगी माणसं आणि 'पापी' पोरं यांना मारणं हे त्यांचं देवकार्य. कूपर प्रवचन देतो, आणि ते बराच वेळ चालतं. मग पोलीस येतात, गोळ्या सुटतात, एटीएफ येतं. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू आणि बंदुकांचे गुन्हे बघणारं केंद्र सरकारचं खातं. त्यांचा अधिकारी कीनन बाहेर वेढा घालून असताना त्याला वरून हुकूम येतो की साक्षीदार ठेवू नका. चर्चमध्ये लहान मुलं असतात, तरीही.

गोळीबार ऐन भरात असताना आकाशातून प्रचंड कर्णे वाजू लागतात.

मराठी बायबलमध्ये 'कर्णा' हाच शब्द आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात देवदूत सात कर्णे वाजवतात आणि जगाचा अंत सुरू होतो. आपल्या गावात मात्र कर्णा म्हटलं की लाउडस्पीकरचा भोंगा आठवतो. गंमत म्हणजे या सिनेमात दोन्ही अर्थ एकाच आवाजात आहेत. कूपरच्या माणसांना वाटतं, आला देव न्यायला. ती बंदुका टाकून हर्षाने बाहेर येतात. पुढे कळतं की आवाज देवाचा नव्हता. शेजारी गांजा पिकवणारी कॉलेजची पोरं या चर्चला वैतागली होती, त्यांनी भोंग्यावर केलेली ती खोडी होती. हे आपल्याला दिसत नाही, कीनन वरिष्ठांसमोर बसून सांगतो. कूपर तुरुंगात जातो, तिथेही गातच राहतो, आणि शेजारच्या कोठडीतला एक कैदी त्याला शिवी हासडून गप्प बसायला सांगतो. सिनेमा संपला.

यावर प्रेक्षक काय म्हणाले? मतं पुष्कळ आहेत, पण चाळली तर तक्रारी फिरून फिरून तीन-चारच निघतात.

पहिली तक्रार, हा सिनेमा धरसोड करतो. सुरुवातीला चावट पोरांचा, मग भयपट, मग गोळीबार, शेवटी सरकारी चौकशी. ज्याच्यावर जीव लावावा तो मरतो. पोरं मरतात, चर्चमधल्या लहान मुलांना वाचवू बघणारी मरते, मग आपण धरायचं कोणाला?

दुसरी, प्रवचन फार लांब. इथे मात्र प्रेक्षकच आपसात भांडतात, कारण ज्यांना सिनेमा आवडला नाही तेही कबूल करतात की कूपर झालेला मायकेल पार्क्स जबरदस्त आहे. तो ओरडत नाही, आजोबा नातवंडांना गोष्ट सांगतात तसा बोलतो, मध्येच हसतो, गातो. भीती त्याचीच वाटते. स्पेनमधल्या सिट्जेसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि सिनेमालाही पहिला मान मिळाला.

तिसरी, शेवट फुसका. एवढा कर्णा वाजवलात आणि उत्तर टेबलावर बसून तोंडी दिलंत! स्मिथनेच सांगितलंय की मूळ संहितेत कर्णा खरा होता, प्रलय खरंच सुरू व्हायचा, पण चाळीस लाख डॉलरच्या बजेटमध्ये प्रलय परवडत नाही.

चौथी तक्रार श्रद्धावान ख्रिस्ती प्रेक्षकांची. मूठभर वेडे दाखवून तुम्ही आमच्या सगळ्यांवर शिंतोडे उडवता. ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. मात्र सिनेमातच असं बोललं जातं की अमेरिकेतले बदनाम धर्मवेडेसुद्धा या कूपरपासून लांब राहतात. तिथे नाव घेतलं जातं फ्रेड फेल्प्सचं. हा माणूस खरा.

फेल्प्सने १९५५ साली कॅन्सस राज्यातल्या टोपिका गावात वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च सुरू केलं. आश्चर्य वाटेल, पण पेशाने तो वकील होता आणि काळ्या लोकांच्या हक्कांचे खटले त्याने लढवले होते. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची सनद काढून घेतली. १९९१ पासून चर्चने समलिंगी लोकांविरुद्ध रस्त्यावर फलक धरायला सुरुवात केली. चर्च म्हणजे मुख्यतः त्याचंच कुटुंब, काही डझन माणसं. १९९८ मध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला क्रूरपणे मारण्यात आलं. त्याच्या अंत्यविधीला ही मंडळी फलक घेऊन हजर, की हा नरकात गेला. तेव्हा सगळ्या देशाला त्यांचं नाव कळलं. पुढे इराकमधून येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांसमोर ती उभी राहू लागली. देश समलिंगींना सहन करतो म्हणून देव सैनिकांना मारतो, असं त्यांचं म्हणणं.

तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणारा माणूस म्हणून एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. सात माणसं फलक घेऊन उभी असतील आणि कॅमेरा जवळून लावला, तर टीव्हीवर तो मोर्चा दिसतो. वेस्टबरोला हे कोणत्याही पक्षाच्या प्रसिद्धीप्रमुखापेक्षा जास्त कळलं होतं. शिव्या जितक्या जास्त, तितकी प्रसिद्धी जास्त.

लोकांनी प्रतिकार केला तोही आवाजानेच. २००५ मध्ये मोटारसायकलवाल्यांची एक संघटना उभी राहिली. ही माणसं झेंडे घेऊन मृताच्या नातेवाइकांभोवती भिंत करायची आणि गाड्यांच्या इंजिनांच्या घरघरीत निदर्शकांच्या घोषणा बुडवायची. आणि मॅथ्यू स्नायडर या मरीन सैनिकाच्या बापाने कोर्टाची पायरी चढली. २००६ मध्ये मेरीलँडमध्ये पोराच्या अंत्यविधीच्या दिवशी, चर्चपासून सुमारे हजार फुटांवर हे लोक फलक धरून उभे होते. ज्युरीने बापाच्या बाजूने एक कोटीहून जास्त डॉलरची भरपाई लावली. वरच्या कोर्टाने ती उडवली, वर अपिलाचा खर्चही बापालाच भरायला सांगितला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता तारखा बघा. २३ जानेवारी २०११ ला युटामधल्या सनडान्स महोत्सवात 'रेड स्टेट' पहिल्यांदा दाखवला गेला. वेस्टबरोची माणसं फलक घेऊन थिएटरबाहेर हजर होती. सिनेमा अजून कोणीच पाहिलेला नव्हता, पण विरोध तयार. स्मिथ आणि त्याचे चाहते समोर उभे राहिले, हातात टवाळीचे फलक. 'डॉग्मा'च्या वेळचीच तऱ्हा. आत खेळ संपल्यावर स्मिथने जाहीर केल्याप्रमाणे हक्कांचा लिलाव झाला, आणि त्याने स्वतःच वीस डॉलरला सिनेमा विकत घेतला! मोठ्या कंपन्यांची माणसं तोंडात बोट घालून बसली, काही जण चिडलेही. वितरकाच्या जाहिरातींवर सिनेमापेक्षा जास्त पैसा जातो, म्हणून मी गावोगाव फिरून स्वतःच दाखवणार, असं त्याचं म्हणणं. थोडक्यात, आपल्या तंबू थिएटरवाल्यांची पद्धत.

२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आठ विरुद्ध एक, वेस्टबरोच्या बाजूने. सार्वजनिक प्रश्नावर, सार्वजनिक जागेत, नियम पाळून कोणी बोलत असेल तर ते बोलणं कितीही जिव्हारी लागो, त्यासाठी शिक्षा देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. एकट्या न्यायमूर्ती अलिटोंचं मत वेगळं होतं, की अशा घायाळ बापावर तुटून पडण्याचा परवाना संविधानाने दिलेला नाही. आणि ५ मार्चला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये स्मिथच्या दौऱ्याचा पहिला खेळ झाला. निकाल आणि सिनेमा यांच्यात तीन दिवसांचं अंतर. ज्यांनी तेव्हा तो पाहिला त्यांच्या डोक्यात नुकताच वाचलेला निकाल असणारच. या लोकांना कायद्याने गप्प करता येत नाही, मग कशाने करायचं? सिनेमा त्या प्रश्नाच्या ऐन तोंडावर आला होता.

पण सिनेमातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे वेढा आणि गोळीबार, फेल्प्सकडून आलेला नाही. फेल्प्सने बंदूक चालवली नाही, तो कोर्टकज्जे करायचा. तो भाग आला टेक्सासमधल्या वेकोहून.

वेको गावाबाहेर माउंट कार्मेल नावाच्या वस्तीत ब्रांच डेव्हिडियन पंथाची माणसं बायकापोरांसह राहायची. त्यांचा पुढारी डेव्हिड कोरेश. प्रकटीकरणातल्या सात मुद्रा आपणच उलगडणार, असं तो सांगायचा. अल्पवयीन मुलींशी संबंधांचे गंभीर आरोप त्याच्यावर होते, आणि बेकायदा शस्त्रं जमवल्याचा संशय होता. २८ फेब्रुवारी १९९३ ला एटीएफने छापा घातला. गोळीबारात चार अधिकारी आणि आतले सहा जण मेले. मग एफबीआयने ५१ दिवस वेढा घातला. रात्र रात्र लाउडस्पीकर लावले, त्यावर तिबेटी मंत्रपठण, कापल्या जाणाऱ्या सशांच्या किंकाळ्या. आतल्या माणसांची झोप उडवायची, म्हणजे ती शरण येतील, असा हिशोब. १९ एप्रिलला चिलखती गाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला, दुपारी आग लागली, आणि ७६ माणसं मेली. त्यात वीसहून जास्त लेकरं होती.

आता सिनेमातला भोंगा परत आठवा. धर्मवेड्यांना बाहेर काढणारा प्रचंड आवाज! सिनेमात खोडकर पोरांनी जे चुटकीसरशी साधलं, ते वेकोत सरकारला ५१ दिवसांत साधलं नव्हतं. स्मिथच्या मनात हे होतं की नाही हे त्याचं त्याला ठाऊक, पण वेको ठाऊक असलेल्या माणसाला तो प्रसंग फुसका वाटणार नाही. त्याच्या अंगावर काटा येईल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. 'सगळ्यांना मारा' हा हुकूम सिनेमातला आहे, वेकोतला नाही. माजी सिनेटर डॅनफर्थ यांच्या चौकशीने २००० मध्ये निष्कर्ष काढला की आग सरकारी माणसांनी लावली नाही आणि त्या दिवशी त्यांनी आतल्यांवर गोळ्याही झाडल्या नाहीत. पण संशय राहिला, आणि संशयाला इंधन मिळालं. वेढ्याच्या काळात तिथे एक तरुण माजी सैनिक येऊन सरकारविरोधी स्टिकर विकत बसला होता, टिमथी मॅकव्हे. बरोबर दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ ला, त्याने ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर बॉम्बने भरलेला ट्रक उडवला. १६८ माणसं ठार. त्यात १९ लहान मुलं. वेकोच्या लेकरांचा 'बदला' म्हणून दुसऱ्या लेकरांचा जीव घेतला.

म्हणून 'धरायचं कोणाला' या प्रेक्षकांच्या तक्रारीवर माझं म्हणणं असं, की वेकोतही धरायला कोणी नव्हतं. कोरेशच्या बाजूने उभं राहता येत नाही. रणगाड्यासारख्या गाड्या घेऊन लेकरांच्या घरात शिरणाऱ्या सरकारच्याही बाजूने राहता येत नाही. आणि मॅकव्हेच्या तर नाहीच नाही. सिनेमा बाजू बदलतो असं वाटतं, कारण एकेक बाजू आपल्या डोळ्यांदेखत नालायक ठरत जाते. आपल्याला सवय असते एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला वर्दीतला नायक बघायची. स्मिथने ती सवय मोडली, हे त्याचं श्रेय. आणि टेबलावरच्या गप्पा? सत्तर माणसं गेल्यावर प्रत्यक्षातही शेवटी तेच होतं. समिती बसते, चहा येतो, अहवाल लिहिला जातो.

पण एका बाबतीत माझी सिनेमाबद्दल तक्रार आहे, आणि ती प्रेक्षकांच्या मतांत मला फारशी दिसली नाही. शेवटच्या कोठडीच्या प्रसंगाला प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात. कोणीतरी एकदाचं त्या म्हाताऱ्याला 'गप' म्हणालं! मोकळं वाटतं, खरंय. पण नंतरचा इतिहास वेगळं सांगतो.

फ्रेड फेल्प्सची नात मेगन फेल्प्स-रोपर. पाच वर्षांची असल्यापासून हातात फलक. २००९ पासून चर्चच्या वतीने ट्विटरवर लिहायची, अर्थात शिव्याशापच. उत्तरादाखल शिव्या मिळायच्या, आणि प्रत्येक शिवीने तिची खात्री वाढायची की जग दुष्ट आहे, आपणच खरे. पण काही माणसं शिव्या न देता प्रश्न विचारत राहिली. डेव्हिड अबिटबोल हा ज्यू ब्लॉगर त्यांतलाच. थट्टामस्करी करत करत तो एके दिवशी म्हणाला, समलिंगींना मृत्युदंड द्या असा तुमचा फलक आहे, मग पहिला दगड कोणी मारायचा ही येशूची गोष्ट तुम्ही कुठे ठेवता? तिच्याच पुस्तकातला दाखला, तिच्याच भाषेत. तिच्याकडे उत्तर नव्हतं, चर्चकडेही नव्हतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती धाकट्या बहिणीला घेऊन घराबाहेर पडली. आईबाप, भावंडं, सगळं तुटलं. २०१९ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं.

वेकोतही अशी एक खिडकी उघडली होती. बायबलचे दोन अभ्यासक, फिलिप अर्नोल्ड आणि जेम्स टेबर, यांनी रेडिओवरून कोरेशला त्याच्याच भाषेत, प्रकटीकरणाच्या भाषेत समजावलं. १४ एप्रिलला कोरेशने कळवलं की सात मुद्रांवरचं लिखाण पुरं झालं की मी बाहेर येतो. एफबीआयला ती आणखी एक थाप वाटली. पाच दिवसांनी गाड्या आत घुसल्या. तो आला असता की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण त्याला समजेल असं त्या ५१ दिवसांत फार थोडी माणसं बोलली, आणि भोंगे मात्र रात्रभर चालले, हे कागदोपत्री आहे.

'रेड स्टेट'मध्ये हे एकच माणूस नाही, बसून बोलणारा. गोळी झाडणारे आहेत, हुकूम देणारे आहेत, भोंगा वाजवणारे आहेत, गप म्हणणारे आहेत. स्मिथच्या स्वभावात टवाळी होती आणि सनडान्सच्या बर्फात फलकांसमोर फलक धरून त्याने ती वापरली. बंदुकीपेक्षा ती हजारपट बरी. पण टवाळीने बघ्यांचं मनोरंजन होतं, फलक धरणारी पोरगी घरी जाऊन आणखी कडक फलक रंगवते. तिला बाहेर काढलं ते चिडल्याशिवाय शंभरदा उत्तर देणाऱ्यांनी. या कामाचा सिनेमा होत नाही, त्याला टाळ्या नाहीत, कॅमेरे नाहीत. बातमीही होत नाही, हे मी माझ्या धंद्यातून सांगतो.

आपल्यातल्या प्रत्येकाच्या नात्यात, गल्लीत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा असा माणूस असतो, ज्याला आता सगळं जग शत्रू दिसू लागलंय. आपण त्याला ग्रुपमधून काढतो किंवा हसण्यावारी नेतो. त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याचं म्हणणं मान्य करायचं असं नाही. अबिटबोलने एक इंचही माघार घेतली नव्हती. त्याने फक्त दार लावलं नाही.

सिनेमा बघा, प्रवचनाला कंटाळू नका, पार्क्ससाठी तरी बघा. आणि पटलं नाही तर खाली लिहा, सविस्तर लिहा. शिवी दिलीत तरी ब्लॉक करणार नाही, उत्तर देईन.